चौकोनाला चौकोन: न शिवता वाढणारी शाल

रंगीबेरंगी चौकोनांची लोकरीची शाल हातात आली की विणणारी बाई ती आधी उलटून बघते. मागे शिवण कुठे आहे ते शोधते. ती सापडली नाही की शाल अंगावर घ्यायचं राहूनच जातं आणि डोळ्यांजवळ नेऊन तपासणी सुरू होते. नव्वद चौकोन, शेजारी शेजारी वेगळे रंग, प्रत्येकात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेलेली तिरकी रेघ, आणि शिवणीचा दोरा म्हणून कुठेच नाही.

हे कसं जमतं ते सावकाश बघू. ज्यांना सुईवर टाके घालता येतात, सुलट-उलट विणता येतं, त्यांना यात नवीन असा एकच टाका शिकायचा आहे. बाकी सगळं मोजणं आहे, आणि खरी मजा त्या मोजण्यातच आहे.

तुकड्यांचं काम म्हटलं की आपल्याकडे गोधडी आठवते. गोधडीत तुकडे आधी कापलेले असतात, खाली जुन्या लुगड्याचा थर असतो आणि धावदोरा सगळ्यांना धरून ठेवतो. या शालीत धरून ठेवणारं असं वेगळं काही नाही. पहिला चौकोन विणून पुरा करायचा, लोकर तोडायची. दुसऱ्याचे निम्मे टाके पहिल्याच्या काठातून उचलायचे आणि दुसरा विणायचा. पुढचे चौकोन दोन-दोन शेजाऱ्यांच्या काठांतून उगवतात. सुईवर एका वेळी एकच चौकोन असतो, त्यामुळे प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत, मालिका बघताना हातातलं काम कधी जड होत नाही. निदान पहिले तीस-चाळीस चौकोन तरी.

ही पद्धत युरोप-अमेरिकेत वाढली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वुड्स बेलामी यांनी १९५२ साली ‘नंबर निटिंग’ नावाचं पुस्तक काढलं; आलेखाच्या कागदावर चौकोन आखायचे आणि त्या आकड्यांवरून कपडा विणायचा, अशी त्यांची रीत होती. पुढे बर्लिनच्या होर्स्ट शुल्त्स यांनी तुकड्यातून तुकडा काढत अतिशय रंगीत स्वेटर आणि जाकिटं केली. त्यांच्या कामावरून डेन्मार्कच्या विव्हियन होक्सब्रो यांना ही वाट सापडली. त्यांनी ती ‘डोमिनो’ या नावाने सोपी करून मांडली, आणि २००२ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आल्यावर ती जगभर पसरली. आज परदेशी नमुन्यांमध्ये ‘मायटर्ड स्क्वेअर’ असं लिहिलेलं दिसतं ते हेच.

आता मूळ मुद्द्याकडे. हा सगळा खेळ एका योगायोगावर उभा आहे. दोन्ही बाजूंनी सगळ्याच ओळी सुलट विणल्या की कापडावर आडवे कंगोरे उठतात. दोन ओळींचा एक कंगोरा. या विणीला गार्टर म्हणतात. शिकणाऱ्या मुलीला पहिल्यांदा हीच शिकवतात आणि मग आयुष्यभर ती ‘सोपी’ म्हणून बाजूला पडते. पण या विणीत एका टाक्याची रुंदी आणि एका कंगोऱ्याची उंची जवळजवळ सारखी भरते. वीस टाके रुंद आणि वीस कंगोरे उंच तुकडा विणला तर तो चौरस येतो. पट्टी लावायची गरज नाही, कंगोरे मोजले की झालं.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा आपल्या नेहमीच्या स्वेटरच्या विणीत हे होत नाही. तिथे टाका उंचीपेक्षा रुंद असतो. पाच टाक्यांच्या रुंदीला साधारण सात ओळी लागतात. मग काठावरून टाके उचलताना ‘तीन उचला, एक सोडा’ असले हिशेब मागे लागतात. शिवाय त्या कापडाच्या कडा गुंडाळतात. गार्टर सपाट पडून राहतं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि शालीला ते फार सोयीचं असतं, कारण शालीची मागची बाजू लपत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या विणकाम-गुरू गार्टरच्या मोठ्या चाहत्या होत्या. १९६८ सालचं त्यांचं बाळाचं ‘सरप्राइज जॅकेट’ सुईवरून उतरतं तेव्हा वेड्यावाकड्या फडक्यासारखं दिसतं आणि दोन घड्या घातल्या की जाकीट होतं. त्याचेही कोपरे याच गणिताने वळतात.

सामान थोडं लागतं. आपल्या दुकानांत सुयांचा क्रमांक वाढला की सुई बारीक होते. ही जुनी ब्रिटिश पद्धत आहे. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. परदेशी नमुना वाचताना याचा घोळ होतो, म्हणून मिलिमीटर बघून सुई घ्यावी. स्वेटरला जी सुई घ्याल तिच्यापेक्षा एक-दोन नंबर जाड घ्या. शाल मऊ पडायला हवी, पुठ्ठ्यासारखी नको. लांब सुया मात्र नकोत. चौकोन विणताना सुईवर कधीच ४१ पेक्षा जास्त टाके नसतात, त्यामुळे आखूड सुया हाताला हलक्या पडतात आणि एसटीत शेजाऱ्याच्या बरगडीत जात नाहीत.

लोकर कोणतीही चालेल, पण सगळी एकाच जाडीची हवी. जाडी बदलली की चौकोनाचं माप बदलतं आणि मग काठ जुळत नाहीत. घरातल्या उरलेल्या गुंड्या वापरायच्या असतील तर प्रत्येकीचे दोन-तीन दोरे शेजारी शेजारी धरून बघा. डोळ्यांना जाणवण्याइतका फरक असेल तर ती गुंडी दुसऱ्या कामाला ठेवा. एरवी लोकर घेताना एकाच लॉटची मिळावी म्हणून दुकानदाराकडे आपण हट्ट धरतो. इथे तो धरायचं कारण नाही. एकाच निळ्याच्या दोन किंचित वेगळ्या छटा शालीत आल्या तर उलट बरं दिसतं.

आता पहिला चौकोन. माझा हिशेब ४ मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची लोकर धरून आहे. त्यात वीस टाके सुमारे दहा सेंटीमीटर भरतात. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर नऊ भरतील किंवा अकरा. त्याने काही बिघडत नाही, फक्त एक चौकोन विणून मोजा आणि शाल किती चौकोनांची करायची ते त्यावरून ठरवा.

सुईवर ४१ टाके घाला. हे ४१ म्हणजे वीस, मधला एक आणि पुन्हा वीस. मधल्या, म्हणजे एकविसाव्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा किंवा एक सेफ्टी पिन अडकवा. टाके फार घट्ट घालू नका, कारण चौकोनाच्या दोन बाजू याच टाक्यांच्या होणार आहेत.

प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणायचा नाही, नुसता उचलायचा. लोकर पुढे ठेवा, उलट विणताना घालतो तशी सुई घाला, टाका उजव्या सुईवर सरकवा आणि मग लोकर सुयांच्या मधून मागे न्या. ओळीचा शेवटचा टाका नेहमी सुलट. एवढं पाळलं की दोन्ही काठांना साखळीसारखी एक सुबक वीण येते आणि दर कंगोऱ्याला साखळीची एक कडी पडते. या साखळीचं महत्त्व पुढे कळेल. शालीचं सगळं सौंदर्य या उचललेल्या पहिल्या टाक्यावर टिकून आहे असं म्हटलं तरी चालेल.

टाके घातल्यानंतरची पहिली ओळ मागच्या बाजूची. पहिला टाका उचला, बाकी सगळे सुलट, मधला टाका तेवढा उलट. मागच्या बाजूच्या सगळ्या ओळी अशाच.

दुसरी ओळ पुढच्या बाजूची, आणि नवीन टाका इथे आहे. पहिला टाका उचला, १८ सुलट विणा. डाव्या सुईवर आता सगळ्यांत पुढे मधल्याच्या आधीचा टाका आहे आणि त्याच्या पाठोपाठ मधला. या दोघांत मिळून एकदमच, सुलट विणताना घालतो तशी सुई घाला आणि दोघांना न विणता उजव्या सुईवर घ्या. पुढचा एक टाका सुलट विणा. आता डाव्या सुईच्या टोकाने ते दोन्ही न विणलेले टाके उचला आणि नुकत्याच विणलेल्या टाक्यावरून ओलांडून खाली सोडा. तिनाचा एक झाला. उरलेले १९ सुलट. सुईवर ३९ टाके आले.

हा टाका हातात येईपर्यंत दोनदा-तीनदा करून बघावा. मधला टाका वर येऊन बसतो आणि त्याचे दोन्ही शेजारी त्याच्या खाली दबतात. दोन टाके वेगवेगळे उचलले तर मधला तिरका पडतो. एकत्र उचलले तरच सरळ राहतो. पाच-सहा कंगोरे झाल्यावर या मधल्या टाक्यांचा कणा दिसायला लागतो आणि मग खुणेचा दोरा काढून टाकला तरी चालतो.

पुढे तेच. मागच्या ओळीत कमी करायचं नाही, पुढच्या ओळीत मधोमध दोन टाके कमी करायचे. ४१, ३९, ३७, ३५. कमी केल्यानंतर सुईवर नेहमी विषम संख्या हवी. सम संख्या आली तर त्याच ओळीत काहीतरी सुटलंय, पुढे जाऊ नका. शेवटी तीन टाके उरतील. पहिले दोन एकत्र उचला, तिसरा विणा, दोघांना त्यावरून ओलांडा. एक टाका उरला. एक वीत लोकर ठेवून कापा आणि टोक त्या टाक्यातून ओढून घ्या.

चौकोन टेबलावर ठेवून बघा. टाके घातलेली लांब कड मधोमध दुमडून दोन बाजू झाल्या आहेत. साखळीचे दोन काठ म्हणजे उरलेल्या दोन बाजू. वीस वेळा टाके कमी केले म्हणून कंगोरे वीस. एका बाजूला वीस टाके, दुसरीला वीस कंगोरे. म्हणजे चौरस.

गणिताची आवड असेल तर आणखी एक गंमत. दर कंगोऱ्याला टाके कमी केल्यावर सुईवर उरतात ३९, ३७, ३५ असं करत शेवटी एक. एकपासून ३९ पर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांची बेरीज ४००, म्हणजे विसाचा वर्ग. शाळेत फळ्यावर सिद्ध केलेलं सूत्र इथे हातात धरता येतं. त्याचा व्यवहारात उपयोगही आहे. पहिल्या सहा कंगोऱ्यांचीच बेरीज २०४ भरते. म्हणजे वीसपैकी सहा कंगोरे झाले की निम्मी लोकर संपलेली असते! सुरुवातीला चौकोन रेंगाळतोय असं वाटतं आणि शेवटी भराभर संपतो, त्याचं कारण हे. आणि शेवटच्या दहा कंगोऱ्यांना मिळून फक्त १०० टाके, म्हणजे चौकोनाच्या चौथा हिस्सा लोकर पुरते. एखादी आवडती लोकर अगदी थोडी उरली असेल तर ती चौकोनाच्या सुरुवातीला घालू नका, शेवटच्या दहा कंगोऱ्यांना ठेवा.

सगळे चौकोन सारखेच असल्याने लोकर किती लागेल याचा अंदाज बांधणंही सोपं आहे. पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि एकूण चौकोनांनी गुणा. एक-दोन ग्रॅमचा फरक साध्या काट्यावर कळत नसेल तर पाच चौकोन झाल्यावर एकदम वजन करा. वर काठासाठी थोडी जास्त धरा.

जोडण्याचा भाग आता येतो. चौकोन समोर असा ठेवा की टाके घातलेला कोपरा खाली डावीकडे असेल आणि शेवटचा टाका वर उजवीकडे. कणा खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाईल. आता वरचा काठ आणि उजवा काठ साखळीचे आहेत. पुढचे चौकोन याच दोन काठांना लागणार.

शेजारचा दुसरा चौकोन असा करायचा. नव्या रंगाने सुईवर २१ टाके घाला. मग पहिल्या चौकोनाची सुलट बाजू आपल्याकडे ठेवून, त्याच्या उजव्या काठावर खालून वर जात वीस टाके उचला. प्रत्येक कडीच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई घाला, लोकर गुंडाळा आणि बाहेर ओढा, एका कडीतून एक टाका. कड्या मोजताना एखादी कमी भरली तर विसावा टाका शेंड्याच्या गाठीतून घ्या. सुईवर ४१ झाले. काम वळवा, मागच्या बाजूची पहिली ओळ विणा आणि पुढे जसाच्या तसा चौकोन पुरा करा. नवा चौकोन जुन्याच्या उजव्या अंगाला चिकटून वाढलेला असेल. तिसरा दुसऱ्याला, चौथा तिसऱ्याला, पाचवा चौथ्याला. पाच चौकोनांची, म्हणजे ५० सेंटीमीटर रुंद पहिली रांग झाली.

दुसऱ्या रांगेचा पहिला चौकोन पहिल्याच्या डोक्यावर बसतो. इथे क्रम उलटा. आधी खालच्या चौकोनाच्या वरच्या काठावर उजवीकडून डावीकडे वीस टाके उचला आणि मग त्याच सुईवर पुढे २१ नवे टाके घाला.

त्याच्या शेजारचा चौकोन सगळ्यांत सुखाचा, कारण त्याला एकही टाका नव्याने घालावा लागत नाही. खालच्या चौकोनाच्या वरच्या काठावर उजवीकडून डावीकडे वीस, मग जिथे चौकोन एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यातून एक, मग डाव्या शेजाऱ्याच्या उजव्या काठावर खालून वर वीस. कोपऱ्याचा तो एक टाका नीट घ्या. तिरक्या अंगाला जो चौकोन आहे त्याच्या शेंड्यातून, दोन्ही दोऱ्यांत सुई जाईल असा. तो सैल पडला की शालीत चार चौकोन भेटतात तिथे भोक दिसतं, आणि अशी भोकं उन्हात धरल्यावर सगळी एकदम दिसतात.

पाच चौकोन रुंद आणि अठरा रांगा उंच अशी शाल धरली तर ती ५० सेंटीमीटर बाय १८० सेंटीमीटर होईल, खांद्यावरून दोन्ही बाजूंना भरपूर येईल अशी. या नव्वदांपैकी पूर्ण टाके घालून सुरू होणारा चौकोन एकच. खालच्या रांगेतले चार आणि डाव्या कडेचे सतरा हे अर्धे नवे टाके घालून. उरलेले ६८ सगळेच्या सगळे शेजाऱ्यांच्या काठांतून उचललेले. म्हणून पहिली रांग आणि पहिली उभी ओळ जरा किचकट वाटते. ती पार पडली की पुढे डोकं चालवावं लागत नाही.

पुढे पुढे शाल मांडीवर जड होते, हे खरं. शेवटच्या रांगा विणताना ओळ संपली की सगळी शाल फिरवण्याऐवजी ती मांडीवर तशीच राहू द्या, सुयांजवळचा चौकोनच फक्त उलटा-सुलटा करा.

रंगांबद्दल प्रत्येकीचं मत वेगळं असतं, तरी माझं सांगते. चौकोन शोभतात ते रंग वेगळे आहेत म्हणून नव्हे, गडद-फिक्याचा फरक आहे म्हणून. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर भडक दिसतील असं वाटतं, पण दोन्ही सारखेच गडद असले तर पाच फुटांवरून नुसता चिखल दिसतो. सगळ्या गुंड्या एकत्र ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. त्यात ज्या गुंड्या एकसारख्या करड्या दिसतील त्या शेजारी शेजारी ठेवू नका. सोपा उपाय हवा असेल तर एकच गडद रंग निवडा, काळा, गर्द निळा किंवा जांभळा, आणि प्रत्येक चौकोनाचा पहिला कंगोरा त्याच रंगात विणा. मग चर्चच्या काचेच्या खिडकीतल्या शिशाच्या रेघांसारखी चौकट सगळ्या रंगांना बांधून ठेवते आणि कोणताही रंग कोणाशेजारी चालतो. यात कष्ट वाढतात, कारण प्रत्येक चौकोनात लोकर एकदा तरी बदलावी लागते. पण पहिल्याच शालीला हा उपाय करावा असं मी म्हणेन.

एकाच गुंडीत चार रंग असलेली पट्टेरी लोकर दुकानात भुरळ घालते. संपूर्ण शाल तिची केली की कणा बुडतो, कंगोरे बुडतात आणि आपण कशासाठी चौकोन विणले असा प्रश्न पडतो. दहात एखादा चौकोन तिचा असला तर छान.

चौकोनात दोन रंगांचे पट्टे करायचे असतील तर रंग नेहमी पुढच्या बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला बदला आणि दोन-दोन ओळींनी बदला. मागच्या बाजूच्या ओळीला बदललात तर पुढे दोन रंगांचे तुटक ठिपके दिसतात. पट्टे कोपऱ्यावर काटकोनात वळतात आणि सपाट चौकोन मधोमध घडी घातल्यासारखा दिसायला लागतो. एकरंगी चौकोनातही थोडं हे होतंच: कण्याच्या एका बाजूचे कंगोरे आडवे, दुसऱ्या बाजूचे उभे, त्यामुळे एकाच लोकरीवर उजेड दोन प्रकारे पडतो. याच कारणाने शाल एका अंगाला फार ओघळत नाही. गार्टर कंगोऱ्यांच्या आडव्या दिशेला ताणलं जातं, आणि इथे प्रत्येक चौकोनाची निम्मी वीण एका दिशेची आणि निम्मी दुसऱ्या दिशेची असते.

वर सांगितलेल्या पद्धतीत सगळे कणे एकाच दिशेला तोंड करून येतात. चार कणे मध्यभागी भेटून फुली व्हावी किंवा शंकरपाळीचा आकार उठावा असं हवं असेल तर चौकोन सुटे विणून शिवणं सोपं पडतं. सुट्या चौकोनांचे दुसरेही फायदे आहेत. सगळे जमिनीवर पसरून हवे तसे हलवता येतात, आणि काम वाटून घेता येतं. दक्षिण आफ्रिकेत ‘निट-अ-स्क्वेअर’ नावाचा उपक्रम आहे. तिथल्या निराधार मुलांच्या पांघरुणांसाठी जगभरातून लोक २० सेंटीमीटरचे चौकोन विणून पाठवतात आणि ते तिकडे जोडले जातात. दहा घरांतून चौकोन येणार असतील तर काठातून काठ उचलण्याची पद्धत कामाची नाही, हे उघड आहे. शिवताना दोन चौकोन शेजारी सपाट ठेवा आणि इकडची एक कडी, तिकडची एक कडी असं करत शिवा. वीसला वीस जुळतात, ओढाताण होत नाही. एकट्याने करायची शाल मात्र मी शिवणार नाही. नव्वद चौकोन विणून झाल्यावर शिवायला बसण्याइतका उत्साह कुणाकडे उरतो?

दोऱ्यांच्या टोकांचं काय, हा प्रश्न विचारलाच जातो. प्रत्येक चौकोनाची दोन टोकं धरली तर नव्वदाची १८० होतात, आणि पट्टे केले तर त्याहून जास्त. ही टोकं शेवटासाठी ठेवू नका. नव्या चौकोनाची पुढच्या बाजूची पहिली ओळ विणताना सुरुवातीचं टोक लोकरीबरोबर धरून आठ-दहा टाके दुहेरी विणा. कंगोऱ्यात ते लपून जातं. पुढच्या वेळी त्या दुहेरी टाक्यांना दोन टाके समजून मोजू नका एवढंच. चौकोनाच्या शेवटचं टोक बोथट सुईत ओवून कण्याच्या मागे घालून टाका. ॲक्रिलिक लोकर घसरते, म्हणून तिचं टोक एकदा जाऊन पुन्हा उलट दिशेने परत आणा.

नव्वद चौकोन झाले की काठ. क्रोशाची साधी एक ओळ चारही बाजूंनी फिरवली तरी पुरते. सुयांनीच करायचा असेल तर दर चौकोनाला वीस या हिशेबाने लांब बाजूला ३६० आणि आखूड बाजूला १०० टाके उचला आणि चार-पाच कंगोरे गार्टर विणा. चारही बाजू सलग विणत असाल तर प्रत्येक कोपऱ्यावर एक टाका खुणेचा धरून त्याच्या दोन्ही अंगांना, पुढच्या बाजूच्या ओळीत, एक-एक टाका वाढवा. चौकोनात जे कमी केलं तेच इथे उलट दिशेने चालतं. टाके बंद करताना हात सैल सोडा किंवा एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर काठ आखडतो आणि मधली शाल फुगते.

शेवटी एकदा ओली करायची. खऱ्या लोकरीची शाल कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा, पिळू नका, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि गादीवर पसरून कडांना टाचण्या लावा. वाकडे चौकोन ओले असताना बोटांनी सरळ बसतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. ॲक्रिलिकवर याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून त्यावर इस्त्री फिरवायचा मोह होतो, तो आवरा. तापलेली इस्त्री टेकली की कंगोरे कायमचे चपटे होतात आणि कापड मेल्यासारखं लोंबतं. गडद लाल किंवा गर्द निळी लोकर असेल तर तिचा तुकडा आधी पांढऱ्या कापडावर ओला करून रंग जातो का ते बघून घ्या. वाळत घालायची ती सावलीत आणि आडवी. ओली शाल दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने वरच्या रांगा ओढल्या जातात, आणि मग वीस टाके वीस कंगोऱ्यांना जुळत नाहीत.